बॉनेटवर काढलेलं चित्र

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला माँटरे पार्क नावाचं गाव आहे. तिथल्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजचा कॅटलॉग इंग्रजी वर्णक्रमाने लावलेला असतो. त्यामुळे 'आर्ट'ची पानं संपली की मध्ये खगोलशास्त्रासारखे एक-दोन विषय येतात आणि मग मोटारदुरुस्ती सुरू होते. आधी रेखाटन, रचना, रंगचित्रण. थोडी पानं उलटली की ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन. हा शेजार कोणी विचारपूर्वक घडवलेला नाही, वर्णमालेने घडवला आहे. पण कॉलेजात नाव घातलेल्या कुणालाही एकाच सत्रात दोन्हीकडचे वर्ग घेता येतात. सकाळी मॉडेलसमोर कोळशाची कांडी, संध्याकाळी लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली पाना. परवानगी काढायला नको, विद्याशाखा बदलायला नको, आणि 'नक्की काय करायचं ठरवलंयस?' हा प्रश्न निदान लगेच तरी कोणी विचारत नाही.

हे पुस्तक त्या मोकळिकीविषयी आहे. ती कुठून आली, कुणी वापरली, कुणाला नाकारली गेली, आणि चित्र व इंजिन यांचा खरोखर काही संबंध आहे की हा वर्णक्रमाचाच खेळ आहे, हे पुढच्या प्रकरणांत पाहायचं आहे. मला विचाराल तर संबंध आहे. पण अशा विषयावरची गुळगुळीत पुस्तकं सांगतात तिथे तो नाही.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण मराठी वाचकाची इथेच गफलत होते. या कॉलेजांचं जुनं नाव 'ज्युनियर कॉलेज'. आपल्याकडे त्याचा अर्थ अकरावी-बारावी. तिकडे तो बारावीच्या पुढची दोन वर्षं. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी, हायस्कूलच्याच इमारतीत, सहा विद्यार्थ्यांवर पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला आणि वर्ग ओसंडून वाहू लागले. ट्रूमन अध्यक्ष असताना नेमलेल्या आयोगाने १९४७मध्ये 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केलं. कॅलिफोर्नियाने १९६०च्या आराखड्यात वाटणीच करून टाकली: वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी राज्याच्या मुख्य विद्यापीठाकडे, वरच्या एक तृतीयांशांतले स्टेट कॉलेजांकडे, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. १९८४पर्यंत राज्यातल्या रहिवाशांना तिथे शिक्षणशुल्कच नव्हतं. २०१२पासून ते युनिटला ४६ डॉलर आहे. साठेक युनिटांत दोन वर्षांची असोसिएट पदवी होते, म्हणजे पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास. आणि गरजूंना तेही माफ होतं. त्या देशातल्या विद्यापीठांची फी ज्यांनी भरली आहे त्यांना हा आकडा छापण्याची चूक वाटेल.

तिथून चार वर्षांच्या पदवीकडे जाता येतं, किंवा दोन-तीन सत्रांचं प्रमाणपत्र घेऊन सरळ गॅरेजात कामाला लागता येतं. आपल्याकडे हे दोन रस्ते दहावीलाच फुटतात आणि पुन्हा सहसा भेटत नाहीत. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला गेलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत जे. जे. कलाशाळेच्या वर्गात डोकावता येत नाही, आणि जे. जे.तल्या मुलीला इंजिन उघडायला कोणी देत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे रंगाकडे.

१९६४ साली लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठातून एक तरुणी चित्र-शिल्पकलेची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्या ठसठशीत रंगांवर आणि शरीराची आठवण करून देणाऱ्या आकारांवर तिचे शिक्षक नाखूश होते. त्याच सुमारास तिने एक विलक्षण गोष्ट केली: गाड्यांच्या बॉडीचं आणि रंगाचं काम शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. तिनेच सांगितल्याप्रमाणे तिथे अडीचशे पुरुष होते आणि ती एकटी बाई. जगाला ती पुढे ज्युडी शिकागो म्हणून माहीत झाली. 'द डिनर पार्टी' हे तिचं १९७९मध्ये पुरं झालेलं त्रिकोणी मेजवानीचं टेबल आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये कायमचं मांडलेलं आहे. पण मला तिची त्याआधीची एक वस्तू जास्त महत्त्वाची वाटते. तिचं नाव 'कार हूड'. शेव्हरोलेच्या कॉर्वेअर गाडीचं बॉनेट, त्यावर स्प्रे गनने मारलेला गाडीचाच लॅकर, आणि त्या चकचकीत पत्र्यावर अशा आकृत्या की त्या वर्गातल्या पुरुषांनी आयुष्यात बॉनेटवर पाहिल्या नसतील.

ती तिथे काय शिकली? विद्यापीठात तिला कल्पनेविषयी, आशयाविषयी, इतिहासाविषयी पुष्कळ ऐकायला मिळालं होतं. वस्तू शेवटपर्यंत नीट बनवायची म्हणजे काय, हे मात्र या शाळेत कळलं, असं तिचं म्हणणं. हे वाक्य ऐकायला सोपं आहे. त्यात किती काम दडलेलं आहे ते गॅरेजच्या मागच्या अंगणात उभं राहिल्याशिवाय समजत नाही, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

पोचा आलेला पत्रा मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीने उठवतात. जिथे उठत नाही तिथे पुट्टी भरतात. ती वाळली की घासायची, मग प्रायमर, मग पुन्हा घासायचं. आता पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही; हाताला थोडंफार कळतं. म्हणून एक युक्ती करतात. वेगळ्या, गडद रंगाचा अगदी पातळ फवारा साऱ्या भागावर मारायचा आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून तो घासून काढायचा. उंचवट्यावरचा रंग आधी निघतो, खळग्यातला तसाच राहतो. क्षणात पत्र्याचा सगळा चढउतार काळ्या-करड्यात समोर दिसतो. याला 'गाइड कोट' म्हणतात. चित्रकलेच्या वर्गात छायाभेदाने गोलाई दाखवायला शिकवतात, त्याचीच ही उलटी बाजू आहे: तिथे सपाट कागदावर उंचसखल भासवायचं, इथे उंचसखल शोधून सपाट करायचं. डोळ्याला लागणारं शिक्षण मात्र एकच.

त्यानंतर गन. पत्र्यापासून वीतभर अंतर, आणि ते शेवटपर्यंत तेवढंच; मनगट वाकवून कमान काढायची नाही, सगळा हात समांतर सरकवायचा; प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. जवळ गेलात तर ओघळ येतात, लांब गेलात तर रंग वाटेतच सुकून खरखरीत बसतो. साध्या रंगात चुका लपतात. त्या काळी कॅलिफोर्नियाला वेड लावलेल्या 'कँडी' रंगात एकही लपत नाही. त्यात खाली चंदेरी किंवा सोनेरी धातूची पूड असलेला थर असतो आणि वर पारदर्शक रंगाचे एकामागून एक पातळ हात. प्रकाश त्या हातांतून आत जातो, धातूवर आपटतो आणि पुन्हा रंगातूनच बाहेर येतो. म्हणून गाडी आतून पेटल्यासारखी वाटते. प्रत्येक हाताबरोबर छटा गडद होत जाते, त्यामुळे एक पट्टा कमी-जास्त चढला की तिथे ढग दिसतो आणि सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात. पंधराव्या शतकातले फ्लेमिश चित्रकार पांढऱ्या अस्तरावर तैलरंगाचे पारदर्शक थर चढवत तेव्हा प्रकाशाचं हेच गणित वापरत होते. यान व्हान आयकच्या चित्रातला लाल झगा आणि १९६०च्या सुमारासची कँडी-लाल गाडी हे एकाच घराण्याचे आहेत, हे कलेतिहासाच्या पुस्तकांनी फार उशिरा मान्य केलं.

हे वेड एकट्या ज्युडी शिकागोचं नव्हतं. बिली अल बेंग्स्टन हा चित्रकार मोटरसायकलच्या शर्यतींत उतरत असे. त्याच्या शिक्षणात लॉस एंजेलिस सिटी कॉलेज हे कम्युनिटी कॉलेजही होतं. त्याने कॅनव्हास सोडून हार्डबोर्डवर लॅकर फवारला, मध्यभागी सार्जंटच्या बाहीवर असतात तसे व्ही-आकाराचे पट्टे काढले, आणि १९६५च्या आसपास तर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे मुद्दाम हातोडीने ठोकून पोचे आणले, मग रंगवले. बॉडीवाला पोचे काढतो, याने घातले. रॉबर्ट अर्विन हा कलावंत तरुणपणी जुन्या गाड्या फोडून-जोडून पळवायच्या करण्यात रमलेला. लॉरेन्स वेश्लरने १९८२मध्ये त्याच्यावर लिहिलेल्या पुस्तकात एक किस्सा आहे. गाडी जुळवणाऱ्या पोराचं काम हीही कलाच, असं अर्विन एका समीक्षकाला गाडी चालवता चालवता पटवत होता. समीक्षक काही केल्या मानेना. अर्विनने गाडी थांबवली, त्याला रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि निघून गेला. समीक्षेला इतकं नेमकं उत्तर क्वचितच मिळालं असेल.

एड किनहॉल्झ या शिल्पकाराच्या '३८ सालच्या डॉज गाडीचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९६६मध्ये म्युझियममध्ये तिच्या मागच्या सीटवरच्या जोडप्यावरून गदारोळ झाला आणि शेवटी तडजोड अशी की दार बंद ठेवायचं आणि प्रौढ प्रेक्षकाने मागितलं तरच पहारेकऱ्याने उघडायचं. तिथे गाडी हा विषय होता, कारागिरी नव्हे; म्हणून या पुस्तकात त्याला जागा कमी दिली आहे.

इथपर्यंतची गोष्ट वाचायला छान आहे, आणि बहुतेक लेखक इथेच थांबतात: कलावंत गॅरेजात गेले, हाताने काम शिकले, कला ताजीतवानी झाली. पण या मंडळींना गॅरेजात कोणी ढकललं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरे दरवाजे उघडे होते, ते सोडून ते आले होते.

सगळ्यांचं तसं नव्हतं. मार्च १९६८. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन अशा हायस्कुलांतून हजारो मेक्सिकन वंशाची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. साल कास्त्रो हे लिंकनमधले शिक्षक त्यांच्या पाठीशी होते. मागण्या अनेक होत्या: आपला इतिहास शिकवा, आपल्या भाषेला मान द्या, आपल्यातले शिक्षक नेमा. पण तळाशी एक जुनी चीड होती. मुलगा हुशार असला तरी आडनाव पाहून त्याला वर्कशॉपच्या तासाला पाठवायचं, मुलीला टायपिंग नाहीतर घरकामाच्या वर्गाला. कॉलेजला लागणारे विषय दुसऱ्यांसाठी. ज्युडी शिकागोने पैसे भरून ज्या विद्येच्या दारात रांग लावली, तीच विद्या या मुलांसाठी भिंत होती. पाना तोच आणि स्प्रे गनही तीच.

आता योगायोग पाहा. ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेज १९४५मध्ये सुरू झालं ते याच गारफील्ड हायस्कूलच्या आवारात. म्हणजे ज्या इमारतीत मुलांना खाली दाबणारी चाळणी लागली होती, तिच्याच अंगणात सगळ्यांना उघडं असलेलं कॉलेज जन्मलं. ते त्या चाळणीवरचा उतारा होतं की तिचाच दुसरा मजला, यावर समाजशास्त्रज्ञ गेली साठ वर्षं भांडत आहेत. बर्टन क्लार्क याने सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून १९६०मध्ये बोचरा निष्कर्ष काढला. अशा कॉलेजांचं एक अघोषित काम म्हणजे मोठी स्वप्नं घेऊन आलेल्यांना हळूहळू, न दुखवता थंड करणं. एक चाचणी, एक समुपदेशकाची भेट, एक कमी मार्क, आणि इंजिनिअर व्हायला निघालेला पोरगा 'स्वतःच्या इच्छेने' दोन वर्षांच्या ट्रेडकडे वळतो. ही कल्पना क्लार्कने अर्विंग गॉफमनकडून घेतली, आणि गॉफमनने ती घेतली होती भामट्यांकडून: फसवलेल्या गिऱ्हाइकाने बोंबाबोंब करू नये म्हणून टोळीतला एक जण त्याची समजूत घालायला मागे राहतो. कॉलेजच्या समुपदेशकांना ही तुलना आवडली नाही, हे सांगायला नको.

माईक रोझ हा शिक्षणावर लिहिणारा लेखक या भांडणात मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीत वाढलेल्या या मुलाचा चाचणीचा निकाल शाळेत दुसऱ्या एका रोझच्या निकालाशी अदलाबदल झाला आणि तो दोन वर्षं व्यवसायशिक्षणाच्या तुकडीत बसून राहिला. बाहेर पडला, प्राध्यापक झाला. पण ज्या विद्येच्या नावाखाली आपल्याला कोंडलं होतं तिचा त्याने राग धरला नाही. २००४च्या 'द माइंड अ‍ॅट वर्क'मध्ये त्याने वेट्रेस, सुतार, वेल्डर, प्लंबर यांच्या कामातली बुद्धी ओळीओळीने उलगडून दाखवली. हात चालतो तिथे डोकं बंद असतं ही समजूत, आणि त्या समजुतीवरून मुलांची केलेली वाटणी, या दोन्हींशी त्याचं वैर होतं. माझंही तेच मत: वर्कशॉपला नावं ठेवायची नाहीत, वर्कशॉपला कुणाला कुणी पाठवलं ते विचारायचं.

ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजातून निघालेला गिल्बर्ट 'मागू' लुहान हे या पुस्तकाचं मधलं पात्र आहे. हवाई दलात चार वर्षं काढून तो इथे आला, पुढे लाँग बीचला शिकला, १९७३मध्ये अर्व्हाइनला पदव्युत्तर पदवी घेतली, आणि त्याच सुमारास तिघा मित्रांबरोबर 'लॉस फोर' हा गट काढला. १९७४मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. मागूच्या चित्रांत, शिल्पांत, सगळीकडे लोरायडर गाडी येते: जमिनीला टेकलेली, रंगलेली, कधी ज्वाळा लावलेली. त्याने एक खरी शेव्हरोले गाडीही रंगवली. हॉलिवूड-व्हाइन या भुयारी स्थानकावर गेलात तर त्याने घडवलेली बाकं लोरायडरच्या आकाराची आहेत. रोज हजारो माणसं त्या गाड्यांवर बसून गाडीची वाट पाहतात.

लोरायडरविषयी दोन शब्द, कारण तिथे यंत्र आणि चित्र सोडवता येत नाहीत. १९५०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. आपली गाडी खाली बसवून संथ फिरवणाऱ्या मेक्सिकन पोरांवर रोख होता. १९५९मध्ये रॉन अगीरेने विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप गाडीला बसवले: पोलीस दिसला की बटण दाबा, गाडी वर, गेला की खाली. कायद्याने यंत्र घडवलं ते असं. त्याच परंपरेतली 'जिप्सी रोझ' ही १९६४ची इम्पाला, गुलाबी अंगावर हाताने रंगवलेल्या शंभरावर गुलाबांसह, २०१७मध्ये वॉशिंग्टनला नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवून राष्ट्रीय वारसा म्हणून दाखवली गेली. संथ गाडी फिरवण्यावरची कॅलिफोर्नियातली बंदी मात्र उठायला १ जानेवारी २०२४ उजाडावं लागलं.

ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजातल्या कलेच्या बाजूलाही एक अनपेक्षित माणूस आहे. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये शेवटी जो आवाज भेसूर हसतो तो व्हिन्सेंट प्राइस. भयपटांचा हा नट कलेतिहास शिकलेला होता. मूळ चित्र समोर पाहिल्याशिवाय कला कळत नाही, आणि या भागातली मुलं म्युझियमपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून १९५७मध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने आपल्या संग्रहातल्या नव्वद कलाकृती या कॉलेजला देऊन टाकल्या. कुठल्याही बड्या विद्यापीठाने त्या आनंदाने घेतल्या असत्या. आज तिथे त्याच्या नावाचं म्युझियम आहे आणि संग्रह हजारोंत गेला आहे.

चित्रकला आणि मोटारदुरुस्ती या दोन्ही वर्गांत प्रत्यक्ष काय चालतं यावर पुस्तकात दोन लांब प्रकरणं आहेत. इथे एकच फरक सांगतो. चित्रकलेच्या वर्गात आठवड्याची कामं भिंतीला लावतात आणि सगळे मिळून बोलतात. गॅरेजात बोलायचं कारण नसतं, गाडी सुरू होते किंवा होत नाही. मॅथ्यू क्रॉफर्डने २००९च्या 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट'मध्ये हाच मुद्दा केला. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेऊन, बौद्धिक संस्थेतली नोकरी सोडून त्याने मोटरसायकली दुरुस्त करायचं दुकान काढलं. तिथे म्हणे थापेबाजीला वाव नाही. निम्मं खरं आहे. थंडीत सुरू होणारी, गरम झाल्यावर बंद पडणारी आणि गॅरेजला आणली की शहाण्यासारखी चालणारी गाडी ज्यांनी हाताळली आहे, त्यांना विचारा. कोणती वायर, कोणता सेन्सर, की जोडातला गंज? तिथे मेकॅनिकही चित्र पाहणाऱ्याइतकाच अर्थ लावत बसलेला असतो.

मोटरसायकलवरच्या प्रवासाविषयीच्या, पर्सिग या अमेरिकन लेखकाच्या १९७४च्या पुस्तकाचे मराठीत पुष्कळ भक्त आहेत. त्यातला मला लागू वाटतो तो एवढासा प्रसंग: मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालेलं, लेखक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये घालायला सुचवतो, आणि मित्र दुखावतो. पत्रा उत्तम, मापात बसणारा, न गंजणारा. पण तो डब्याचा आहे. कोणतं साहित्य प्रतिष्ठित आणि कोणतं भंगार, हे ठरवण्याचा झगडा कलेत विसाव्या शतकभर चालला. इथे तो दोन मित्रांत एका पट्टीवरून झाला.

पैशाचं बोलायला हवं. अमेरिकन गॅरेजात बहुतेक ठिकाणी मेकॅनिकला 'फ्लॅट रेट'ने पैसे मिळतात. ठरलेल्या दरांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की अमुक गाडीचं अमुक काम इतक्या तासांचं. निम्म्या वेळात केलंत तरी तेवढेच तास, दुप्पट वेळ लागला तरी तेवढेच. म्हणजे पैसा घड्याळाला नाही, अनुभवाला. चित्रकार व्हिसलरने १८७८मध्ये लंडनच्या कोर्टात नेमकं हेच मांडलं होतं: दोनशे गिनी दोन दिवसांच्या कामाच्या नव्हेत, जन्मभराच्या जाणतेपणाच्या. त्याला नुकसानभरपाई एक फार्दिंग मिळाली. मेकॅनिकचंही पुष्कळदा तसंच होतं, शिवाय हत्यारं स्वतःची घ्यावी लागतात. शिकाऊ पोरगा पहिल्या काही वर्षांत पान्यांच्या पेटीचं कर्ज फेडत असतो.

हे सगळं मराठी वाचकाने का वाचावं? ही माणसं आपल्याकडेही होती, आपण त्यांना वेगळ्या कप्प्यात टाकलं. सयाजीराव गायकवाडांनी १८९०मध्ये बडोद्याला कलाभवन काढलं तेव्हा रंगणी, सुतारकाम, चित्रकला आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली आल्या. जे. जे.त शिकलेले दादासाहेब फाळके पुढे त्या कलाभवनात गेले. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मागे जो माणूस होता तो पडदे रंगवू शके, कॅमेरा उघडू शके, आणि घरच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मही धुऊ शके. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर त्याहून पुढचे. मूळ आडनाव मेस्त्री. सुतारकी, मूर्तिकाम, चित्रकला हे घरातलंच. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचं वेड लागलं, चुलतभाऊ आनंदराव १९१६मध्ये गेले, आणि बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने स्वतःचा कॅमेरा घडवून पुरा केला. त्यातूनच १९२०चा 'सैरंध्री'. लेथवर पुर्जे कातणारा आणि कुंचला धरणारा हात एकच होता.

मग हे इथे तुटलं का? मुंबईत जे. जे.ला १८९१मध्ये मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाची कार्यशाळा जोडली गेली, म्हणजे इच्छा होती. पण आपल्याकडे हाताच्या कामाला जात चिकटलेली आहे. सुताराच्या, लोहाराच्या घरातला मुलगा 'कलावंत' झाला तर ती त्याची प्रगती, आणि कारकुनाच्या घरातला मुलगा गॅरेजात गेला तर ते घराचं दुर्दैव. पूर्व लॉस एंजेलिसच्या मुलांचं आडनाव पाहून जे होत होतं ते समजायला आपल्याला समाजशास्त्राचं पुस्तक उघडावं लागत नाही. २०१०नंतरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतातही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. पण त्यात कौशल्य आलं, चित्र जवळजवळ आलंच नाही. मोकळिकीऐवजी रोजगाराची घाई आली.

कॅलिफोर्नियातले मराठी वाचक क्युपर्टिनोचं दि अँझा कॉलेज ओळखतात, बहुधा तिथे महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्षानुवर्षं भरलेल्या जुन्या बाजारामुळे. १९६७मध्ये सुरू झालेल्या त्या कॉलेजात युफ्रॅट नावाचं कलासंग्रहालय आहे आणि मोटारदुरुस्तीचा विभागही. व्हिसाच्या अडचणीने नोकरी करू न शकणाऱ्या कितीतरी मराठी बायका त्या परिसरातल्या अशा कॉलेजांत शिकायला जातात. अकाउंटिंग, संगणक, बालशिक्षण. काही जणी चित्रकला. गॅरेजकडे मात्र पाऊल वळत नाही. आधी कोणी गेलंच नसेल तर दुसरीला सुचणार कुठून?

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे या विद्येचं काय होईल यावर मी भाकीत केलेलं नाही. गिअरबॉक्स गेला तरी ब्रेक, सस्पेन्शन आणि पोचे राहणार, एवढंच दिसतं. १९६०च्या दशकातल्या लॅकरचं गुणगान करताना त्या वाफांनी छातीचं काय केलं हे विसरायला नको, म्हणून मास्क, हवेचा पुरवठा आणि कॅलिफोर्नियाचे हवेविषयीचे कडक नियम यांना स्वतंत्र टीप आहे. घरी स्प्रे मारून पाहण्याचा मोह झालेल्या वाचकाने ती आधी वाचावी, विशेषतः दोन भाग मिसळून वापरायच्या आजच्या रंगांतल्या आयसोसायनेटविषयीची. शब्द गॅरेजमध्ये चालतात तेच ठेवले आहेत. बॉनेट, पुट्टी, गन, पाना यांना संस्कृत कपडे चढवलेले नाहीत.

आणि प्रकरणांचा क्रम. कॉम्प्रेसर, दाब आणि गनची सुई यांवरचं तिसरं प्रकरण कोरडं आहे, चित्रकलेच्या ओढीने पुस्तक घेतलेला वाचक ते ओलांडून चौथ्याकडे जाईल अशी मला धास्ती आहे. कृपया जाऊ नका. चौथ्यात 'कार हूड'च्या कडा इतक्या धारदार कशा आल्या त्याची चर्चा आहे. ती चर्चा टेप कधी लावायची, रंग किती ओला असताना ओढायची आणि दाब किती ठेवायचा यावर उभी आहे, आणि हे तिन्ही तिसऱ्यातच आहे.